कोलंबो ते माले: दोन बेटांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ कागदावर कशी काढायची

इंदूरला राजवाड्याच्या मागच्या बाजूला माझं तिकीट-बुकिंगचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि काचेच्या कपाटावर वडिलांचा पृथ्वीचा गोल. वडील शाळेत गणित शिकवायचे. त्या गोलावर सोव्हिएत संघ अजून एकसंध आहे, पण समुद्र आणि बेटं जागच्या जागी आहेत, त्यामुळे माझं भागतं.

लग्नसराई उरकली की नवी जोडपी यायला लागतात. श्रीलंका आणि मालदीव एकाच फेरीत उरकायचं असतं. "काका, मधे विमानाला किती वेळ लागतो?" मोबाइलवर सगळ्यांनी आधीच बघितलेलं असतं. एक म्हणतो एक तास, बायको म्हणते दोन तास, सोबत आलेला मेहुणा म्हणतो दीड. तिघांनीही बरोबरच वाचलेलं असतं, हीच तर अडचण आहे. मग मी टेबलावर पडलेली एखादी जुनी लग्नपत्रिका उलटी करतो आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडतो. तोच इथे लिहून ठेवतोय. वीस मिनिटांचं काम आहे, आणि एकदा जमलं की कुठल्याही दोन बेटांना लागू पडतं.

आधी विमानतळ शोधा, शहर नाही

कोलंबोचा विमानतळ कोलंबोत नाही. तो शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, नेगोंबोजवळ कटुनायके इथे आहे. नाव भंडारनायके, कोड सीएमबी. मालेचीही तीच गत. माले म्हणजे घरांनी काठोकाठ भरलेलं बेट, तिथे धावपट्टीला जागा कुठून येणार? वेलाना विमानतळ शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. २०१८ साली दोघांमधे पूल झाला. त्याआधी विमानातून उतरल्यावर शहरात जायलासुद्धा होडीच धरावी लागायची.

मोबाइलच्या नकाशात धावपट्टी मोठी करा आणि तिच्यावर बोट दाबून धरा. दोन आकडे येतील, पहिला अक्षांश आणि दुसरा रेखांश. दशांश चिन्हानंतर दोन घरं घेतली तरी पुरे:

कटुनायके: ७.१८ उत्तर, ७९.८८ पूर्व
वेलाना: ४.१९ उत्तर, ७३.५३ पूर्व

इथे माणसं दोन ठिकाणी घसरतात. काही ठिकाणी हे आकडे अंश-मिनिटांत दिलेले असतात. ४ अंश साडेअकरा मिनिटं म्हणजे ४.११ नव्हे. साडेअकराला ६० ने भागायचं, ०.१९ येतं, म्हणून ४.१९. घड्याळाचाच हिशेब आहे, साडेसातला आपण कुठे ७.३० तास म्हणून गुणाकार करतो?

दुसरी घसरण विषुववृत्ताची. मालदीवच्या अगदी दक्षिण टोकाला अड्डू अटॉलमधे (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) गान नावाचं बेट आहे. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात तिथे तळ उभारला आणि त्यांचं हवाई दल १९७६ ला तिथून गेलं. आज तिथे प्रवासी विमानतळ आहे. त्याचा अक्षांश ०.६९, पण दक्षिण. मालेहून गानचं अंतर काढताना ४.१९ मधून ०.६९ वजा करायचं नाही, मिळवायचं, कारण मधे विषुववृत्त ओलांडावं लागतं. वजाबाकी केलीत तर ३९० किलोमीटर येतात, खरे आहेत ५४४. नकाशाचं ॲप दक्षिणेच्या आकड्याआधी उणे चिन्ह लावतं. ते बारीक असतं, चष्मा लावून बघा.

अंशाला साठ

वडिलांनी मला शिकवलेलं सूत्र एवढंच: उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साठ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विश्वास बसत नसेल तर घरच्या अंगणात तपासा. उज्जैनचं महाकाल मंदिर २३.१८ वर, आपला राजवाडा २२.७२ वर. फरक ०.४६. गुणिले ६० म्हणजे साडेसत्तावीस नॉटिकल मैल, म्हणजे ५१ किलोमीटर. रस्त्याने आपण पंचावन्न म्हणतोच की. रस्ता वळतो, अक्षांश वळत नाही.

पूर्व-पश्चिम अंश मात्र सगळीकडे सारखे नसतात. मोसंबी सोलून बघा. फोडी मधे रुंद असतात आणि देठाशी निमुळत्या होतात. रेखांशांचंही तसंच असतं, विषुववृत्तावर अंश पूर्ण साठ मैलांचा आणि ध्रुवावर शून्य. मधल्या ठिकाणी किती, ते अक्षांशाचा कोसाइन सांगतो. दोन ठिकाणांच्या अक्षांशांची सरासरी घ्यायची आणि तिचा कोसाइन मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढायचा. कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर आहे ना, ते आधी बघा. तो 'रेडियन'वर राहिला की भलतंच उत्तर येतं आणि माणूस सूत्रालाच दोष देतो.

आता पत्रिकेच्या मागे:

अक्षांशांचा फरक ७.१८ − ४.१९ = २.९९. गुणिले ६० = १७९.
रेखांशांचा फरक ७९.८८ − ७३.५३ = ६.३५. गुणिले ६० = ३८१. सरासरी अक्षांश ५.६९, त्याचा कोसाइन ०.९९५. म्हणून ३७९.

एक बाजू १७९, दुसरी ३७९, मधे काटकोन. पुढचं काम पायथागोरसचं. १७९ चा वर्ग अधिक ३७९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ४१९. कोलंबो ते माले ४१९ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ७७७ किलोमीटर. एखाद्या साइटवर दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे दिसले तर घाबरू नका. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, आणि काही जण विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरतात.

जाता जाता एक सांगतो, कारण मला स्वतःला त्याची फार मौज वाटते. जुन्या भारतीय ज्योतिर्गणितात शून्य रेखांश उज्जैनचा मानत आणि ती रेषा विषुववृत्ताला जिथे छेदते त्या बिंदूला 'लंका' म्हणत. हा बिंदू आजच्या श्रीलंकेत येत नाही, उघड्या समुद्रात येतो. ती रेषा साधारण ७५.८ पूर्वेची, आणि आपला इंदूरचा विमानतळही जवळजवळ तिच्यावरच आहे. कोलंबोहून मालेला निघालेलं विमान ७९.८८ वरून ७३.५३ कडे जाताना ती रेषा ओलांडतंच. साधारण दोन-तृतीयांश वाट सरली की खिडकीबाहेर नुसतं पाणी असतं, आणि त्या क्षणी इंदूर बरोबर उत्तरेला असतं, १,९४० किलोमीटरवर. उजव्या बाजूची खिडकी घ्या, असं मी हौशी गिऱ्हाइकांना सांगतो. दिसत काहीच नाही, पण दिशा तर बरोबर असते.

दोरा कधी काढायचा

हिंदी महासागरातल्या बेटांना वरचा कागदी हिशेब पुरतो. माले ते मॉरिशस ३,२०० किलोमीटरच्या पुढे आहे, तरी या पद्धतीने उत्तर वीस किलोमीटरपेक्षा जास्त चुकत नाही, कारण दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताच्या आसपासची. पण बेटं उत्तरेला सरकली आणि अंतर वाढलं की ही पद्धत दगा देते. ब्रिटन हेही बेट आणि जपानचं होन्शू हेही बेटच. लंडनचा हीथ्रो ते टोकियोचा हानेदा हे अंतर या पद्धतीने काढलं तर ११,४०० किलोमीटर येतं. खरं आहे ९,६०० च्या जवळ.

अशा वेळी मी गोल खाली काढतो. शिवणाचा दोरा घ्यायचा, एक टोक लंडनवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं टोकियोवर, आणि ताणायचं. दोरा आपोआप सर्वात जवळची वाट धरतो आणि सरळ पूर्वेला न जाता वर सायबेरियावर चढतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काकांचा हात हलला. मग तो स्वतः ताणून बघतो. माझ्या गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर आहे, म्हणजे घेर ९४. विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटरचं, म्हणून गोलावरचा एक सेंटिमीटर ४२५ किलोमीटरचा. दोरा पट्टीवर ठेवला तर साडेबावीस भरतो. गुणाकार करा, ९,६०० च्या घरात याल. कोलंबो-माले मात्र गोलावर पावणेदोन सेंटिमीटरचं, तिथे दोऱ्याची गाठच त्यापेक्षा मोठी होते.

आणि दोऱ्याची वाट विमानाला मिळेलच असं नाही. २०२२ पासून ब्रिटन आणि जपानच्या कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. वळसा पडतो, आणि लंडन-टोकियोचे पूर्वीचे बारा तास आता चौदाच्या घरात गेले आहेत. अंतर तेच राहिलं, प्रवास वाढला.

अंतरावरून वेळ

जेट विमान वर स्थिरावलं की साधारण ४५० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ८३० किलोमीटरने जातं. ४१९ भागिले ४५० म्हणजे ५६ मिनिटं. एवढ्यावर थांबलं तर जेमतेम एक तास येतो, आणि तो चूक आहे. विमान जागेवरून हलतं, धावपट्टीपर्यंत रांगत जातं, चढतं, शेवटी वेग कमी करून उतरतं आणि पुन्हा रांगत जागेवर येतं. आमच्या धंद्यात चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर तोच असतो. मी सरसकट अर्धा तास जोडतो. ५६ अधिक ३० म्हणजे १ तास २६ मिनिटं. कंपन्यांचं वेळापत्रक दीड तासाच्या आसपासच असतं.

अर्ध्या तासाच्या वर जे काही असतं ते त्या त्या विमानतळाचं. मालेची धावपट्टी उत्तर-दक्षिण आहे आणि कोलंबोहून येणारं विमान पूर्वेकडून येतं, म्हणजे वळून रांगेला लागणं आलंच. मुंबईचं तर विचारूच नका. इंदूर-मुंबई माझ्या सूत्राने १ तास ६ मिनिटं, पण वर घिरट्या घालाव्या लागतील हे धरून कंपन्या तिकिटावर जास्तच लिहितात. मग विमान 'वेळेआधी' पोचतं आणि लोक टाळ्या वाजवतात.

विमान पंख्याचं असेल, एटीआरसारखं, तर ४५० ऐवजी २७५ नॉट धरा. लक्षद्वीपच्या अगत्तीला तेच उतरतं, धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची आहे.

वाऱ्याचा फरक छोट्या प्रवासात थोडाच पडतो, पण पडतो. पावसाळ्यात आपल्याकडे खाली नैऋत्येचा वारा असतो, आणि वर, विमानं उडतात त्या उंचीवर, उलट पूर्वेकडून जोरात वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये या पूर्वेच्या झोतावर निबंध लिहिला होता. वारा ४० नॉटचा धरला तर कोलंबोहून मालेला जाताना पाच मिनिटं वाचतात आणि परत येताना तेवढीच जातात. बस, एवढंच.

माझं सूत्र एका ठिकाणी साफ आपटतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा २.७ किलोमीटरचा विमानप्रवास आहे. वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा अनुकूल मिळाला तेव्हा एकदा ५३ सेकंदांत झालेला. तिथे अर्धा तास जोडायला गेलो तर माणूस चालतच पोचेल, मधे समुद्र नसता तर.

घड्याळ कुणाचं?

आता तो एक तास, दोन तास आणि दीड तास यांचा वाद. श्रीलंकेचं घड्याळ आपल्याइतकंच चालतं. मालदीवचं आपल्यामागे अर्धा तास. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावाची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची. कोलंबोहून सकाळी ८ ला निघालात तर मालेला ९ वाजता पोचल्यासारखं दिसतं. परतीला मालेहून १० ला निघालात तर कोलंबोत १२. जाताना एक तास, येताना दोन, आणि विमानात बसलेला वेळ दोन्हीकडे दीडच.

घड्याळांचा फरक माहीत नसला तरी चालेल अशी एक युक्ती आहे. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटांवरचे फरक घ्या, बेरीज करा, दोनाने भागा. एक अधिक दोन, भागिले दोन, दीड. एकीकडे वाढलेलं घड्याळ दुसरीकडे कमी होतं, वाऱ्याचाही हिशेब त्यातच मिटतो. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना हे चालतं.

मला ही युक्ती उशिरा सुचली. धंदा नवा होता तेव्हा माझ्याच भाचीची तिकिटं मी काढली होती. परतीला मालेहून १० ला निघायचं. मी मनात म्हटलं, दीड तास, साडेअकराला कोलंबो. पुढचं भारताचं विमान दीडला, वेगळ्या तिकिटावर. म्हणजे सामान घेऊन बाहेर पडायचं आणि पुन्हा काउंटरवर द्यायचं. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे साडेबाराला. तासाभराची मोकळीक आहे असं मी तिला पाकिटावर निळ्या पेनने लिहूनही दिलं. प्रत्यक्षात विमान उतरलं १२ ला. बॅग पट्ट्यावर आली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. भाचीचा फोन आला, "मामा, तुम्ही लिहिलेलं अर्धा तास चुकलंय. इथे सगळ्या घड्याळांत बारा चाळीस आहेत." आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. त्या रात्रीचं हॉटेल आणि दुसऱ्या दिवशीची तिकिटं मी माझ्या खिशातून भरली. ताई अजूनही पंगतीत विषय काढते.

घड्याळाचा आणि सूर्याचा संबंध असतोच असंही समजू नका. सूर्याला एक रेखांश सरकायला चार मिनिटं लागतात. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून सरकारी नाव श्री विजयपुरम्) ९२.७३ वर आहे आणि अगत्ती ७२.१८ वर. साडेवीस अंशांचा फरक, म्हणजे अंदमानात सूर्य ८२ मिनिटं आधी उगवतो, तरी दोन्हीकडे घड्याळ एकच. कोलंबो आणि मालेमधे सूर्याचा फरक पंचवीस मिनिटांचा आणि घड्याळाचा तीस. घड्याळ सरकार लावतं, म्हणून रेखांशावरून अंदाज न बांधता तिकिटावरून काढा.

मालदीवला जाणाऱ्यांसाठी उजेडाचाही हिशेब हवा. दूरच्या रिसॉर्टला नेणारी सीप्लेनं, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, छोटी असतात, ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरची, आणि ती फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी तीन-साडेतीनच्या पुढे मालेला उतरलात तर त्याच दिवशी सीप्लेन मिळेल याची खात्री नसते. मग रात्र मालेला काढावी लागते आणि रिसॉर्टची भरलेली एक रात्र फुकट जाते. कोलंबोहून दीड तासाचं विमान कितीचं घ्यायचं हे सीप्लेनपासून मागे मोजत या. सकाळचं घ्या, दोनशे-पाचशे रुपये जास्त पडले तरी.

हल्ली प्रत्येक पाकिटाला मी एक चिठ्ठी टाचतो. तिच्यावर दोन रकाने असतात, 'तिकडचं घड्याळ' आणि 'इंदूरचं घड्याळ'. भाची लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला पुन्हा मालदीवला गेली, तिकिटं माझ्याकडूनच काढली. परत आल्यावर दुकानात आली, चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पट्टीने तिसरा रकाना आखून दिला. तिथली बरीच रिसॉर्ट्स पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. रकान्याच्या डोक्यावर तिच्याच अक्षरात लिहिलंय, 'खोलीतलं घड्याळ'.